कान गेले कामावर, अर्ज मात्र निराधारचा

कोल्हापुरात लग्नाच्या पंगतीला बसलेला, यंत्रमागांच्या गावचा, इचलकरंजीचा पाहुणा लांबूनही ओळखू येतो. तो भांडत नसतो, शेजारच्याची ख्यालीखुशाली विचारत असतो. पण चार पानं पलीकडे बसलेल्यांनाही त्याच्या घरचं सगळं कळतं. आपण हसतो. ‘मागावरचा माणूस आहे’ म्हणतो आणि पुढं वाढायला सांगतो. शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत फेटलिंगला, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करायला, वीस वर्षं काढलेला माणूसही असाच. त्याला हाक दोनदा मारावी लागते आणि तिसऱ्यांदा खांद्याला हात लावावा लागतो.

या हसण्यात एक गोष्ट आपण परस्पर मान्य करून टाकलेली असते: काम म्हटलं की कान जाणारच. म्हणून पन्नाशीत ऐकू येईनासं झालं की हा माणूस कारखान्याच्या दारात जात नाही, तहसील कार्यालयात जातो. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरतो. ज्या बहिरेपणाची भरपाई मालकानं द्यायची, ती सरकारकडं मदत म्हणून मागतो, आणि बहुतेक वेळा तीही मिळत नाही. माझं म्हणणं एवढंच, की या जिल्ह्यातल्या हजारो कानांसाठी आपण चुकीचं दार ठोठावतोय. बरोबर दार कायद्यात आहे, त्याला कडी लावून ठेवली आहे इतकंच.

आधी निराधारचं दार बघू. दिव्यांग म्हणून अनुदान हवं तर 40 टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. वय 18 ते 65, महाराष्ट्रात 15 वर्षांचं वास्तव्य, आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 50 हजारांच्या आत. हे सगळं जमलं तर दिव्यांगांना ऑक्टोबर 2025 पासून महिन्याला 2,500 रुपये मिळतात. त्याआधी 1,500 होते. उत्पन्नाची अट नीट बघा. 50 हजार भागिले बारा म्हणजे महिन्याला 4,167 रुपये, आणि तेही सगळ्या घराचे. ज्या घरात एक माणूस मागावर किंवा फौंड्रीत जातो, त्या घराचं खरं उत्पन्न या आकड्यात बसत नाही. मग तलाठ्यापासून दाखला ‘बसवावा’ लागतो. म्हणजे आयुष्यभर कष्ट केलेल्या माणसाला म्हातारपणाच्या उंबऱ्यावर पहिलं काम काय, तर आपण काहीच कमावत नाही असं लिहून द्यायचं. योजनेचं नावच निराधार, तेव्हा तक्रार कुणाकडं करायची!

बाकीच्या सवलती हातासरशी सांगून टाकतो. एसटीत 75 टक्के सवलत आहे, चांगली आहे. आयकरात जुनी करपद्धत निवडली तर 75 हजारांची वजावट आहे, दिव्यांगत्व 80 टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर सव्वा लाखाची. आता मागावरच्या माणसाला आयकर कुठला? आणि रेल्वेची गंमत अशी, की तिची सवलत बहिऱ्याला नाही, ऐकू न येणं आणि बोलता न येणं ही दोन्ही एकाच माणसात पूर्णपणे असतील तर आहे. चाळिशीनंतर कान गेलेला माणूस बोलतो, उलट जरा जास्तच मोठ्यानं बोलतो. त्याला तिकीट पूर्ण.

पण या सगळ्याच्या आधी ते 40 टक्के आडवे येतात. इथं थोडं थांबायला हवं, कारण गफलत इथंच आहे आणि ती लबाडीची नाही, मोजमापाची आहे.

कानाची तपासणी बंद खोलीत होते. कानाला हेडफोन, हातात बटण. वेगवेगळ्या पट्टीतले सूर हळूहळू वाढवत नेतात. ऐकू आला की बटण दाबायचं. 500, 1000, 2000 आणि 4000 हर्ट्‌झ या चार पट्ट्यांवर किती डेसिबलला ऐकू येतं ते लिहितात, सरासरी काढतात आणि त्यावरून टक्का ठरवतात. दोन्ही कानांचा हिशेब एकत्र करताना चांगल्या कानाला पाचपट वजन आणि वाईट कानाला एकपट, भागिले सहा. एक कान ठार गेलेला आणि दुसरा ठणठणीत असेल, तर उत्तर सतरा टक्क्यांच्या पुढं जात नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याची व्याख्या सांगते की दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्टीत 60 ते 70 डेसिबलची हानी म्हणजे ऊनश्रवण, त्यापुढं बधिर.

आता आवाजानं गेलेला कान कसा जातो ते बघा. तो सगळीकडून सारखा जात नाही. आतल्या शंखाकृती भागात ज्या बारीक केसपेशी असतात, त्यातल्या उंच पट्टीच्या आधी मरतात, आणि मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. सुरुवातीचा खड्डा 4000 हर्ट्‌झच्या आसपास पडतो. खालच्या पट्ट्या बराच काळ शाबूत राहतात. समजा एखाद्या मागवाल्याच्या चार आकड्यांत 500 ला 25, 1000 ला 35, 2000 ला 55 आणि 4000 ला 75 आले. बेरीज 190, सरासरी साडेसत्तेचाळीस. साठ कुठं आणि सत्तेचाळीस कुठं. कागद म्हणतो, बरं चाललंय.

घरी काय चाललंय? स्वर खालच्या पट्टीत असतात, ते त्याला येतात. स, श, त, थ, क, फ ही व्यंजनं वरच्या पट्टीत, ती गळतात. मग ‘साठ’ की ‘हात’, ‘तास’ की ‘ताक’ हे अंदाजानं ठरवायचं. बायको स्वयंपाकघरातून काही बोलली हे कळतं, काय बोलली ते कळत नाही. अशा माणसाला विचारा, तो हेच सांगतो: ऐकू येतंय हो, समजत नाही. नातवाचं बोलणं तर मुळीच नाही, पोरांचा आवाज बारीक. बँकेत काउंटरच्या काचेआडून बोललेलं नाही, एसटी स्टँडवरची घोषणा नाही, मागून आलेल्या गाडीचा हॉर्न उशिरा. आणि तपासणीच्या शांत खोलीत, समोरासमोर बसलेल्या डॉक्टरांशी मात्र तो बऱ्यापैकी बोलतो! का नाही बोलणार? शेडमध्ये इतकी वर्षं ओठ बघूनच बोलणं झालेलं असतं. पोटासाठी शिकलेली ही विद्या प्रमाणपत्राच्या वेळी त्याच्याच मुळावर येते.

म्हणजे ज्या बहिरेपणाचं पीक आपल्या जिल्ह्यात सगळ्यात जास्त, तेच सरासरीच्या गाळणीतून खाली गळतं. शब्द कळतात की नाही याची परीक्षा कानाच्या डॉक्टरांकडं असते, मराठी शब्द ऐकवून ती करता येते. दिव्यांगत्वाचा टक्का काढताना तिला वजन दिलं पाहिजे, ही मागणी दिव्यांग संघटनांनी लावून धरायला हवी.

लगेच कुणी तरी म्हणेल, आधीच काय कमी बोगस बहिरे आहेत? आहेत, नाकारण्यात अर्थ नाही. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्यांत दिव्यांगांना विशेष संवर्ग आहे, आणि बदलीच्या हंगामात अनेकांचे कान अचानक जातात हे मास्तर लोकच चहाच्या टपरीवर सांगतात. बटण न दाबणं सोपं आहे, हाडाचा फोटो बदलणं अवघड. म्हणून खोटेपणा करणाऱ्याला कान हा अवयव आवडतो. पण त्यावर उपाय आहे. बेरा तपासणीत माणसानं काही सांगायचं नसतं. डोक्याला लावलेल्या इलेक्ट्रोडवरून मेंदूपर्यंत आवाज पोचला की नाही ते यंत्रच बघतं. शंका आली की ती करावी, बदली मागणाऱ्याची तर जरूर करावी. उलट आवाजानं गेलेल्या कानाचा जो उतार आलेखावर दिसतो, तो ढोंग करून नेमका काढून दाखवणं फार कठीण. तेव्हा बोगस गुरुजींच्या पापाची शिक्षा मागवाल्याला देण्याचं कारण नाही.

आता दुसरं दार. कामगार नुकसानभरपाईचा कायदा 1923 चा, म्हणजे शंभरी ओलांडलेला. त्याच्या तिसऱ्या अनुसूचीत व्यावसायिक आजारांची यादी आहे आणि तिच्या ‘ब’ भागात आवाजामुळं आलेलं बहिरेपण स्पष्ट नोंदलेलं आहे. नोव्हेंबर 2025 पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला, तरी यादीतलं बहिरेपण तिथंही आहे. आणि 1923 च्या कायद्यातली सगळ्यात महत्त्वाची ओळ ही: त्या मालकाकडं सलग सहा महिने अशा कामावर असलेल्या कामगाराला तो आजार झाला, तर तो कामामुळंच झाला असं धरायचं, जोपर्यंत उलट सिद्ध होत नाही. उलट सिद्ध करायचं कुणी? मालकानं. निराधारच्या रांगेत माणूस स्वतःचं बहिरेपण सिद्ध करता करता थकतो, आणि इथं कायदा कामगाराच्या बाजूनं आधीच उभा आहे.

रक्कम किती? त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत पूर्ण बहिरेपण म्हणजे 100 टक्के कमाईची क्षमता गेली असं धरलं आहे. हिशेबासाठी 2020 पासून पगार 15 हजारांपर्यंत धरतात. त्याचे 60 टक्के म्हणजे 9 हजार, गुणिले वयानुसार कोष्टकातला आकडा. पन्नाशीच्या माणसासाठी तो 153.09 आहे. म्हणजे 13 लाख 77 हजार 810 रुपये. पूर्ण बहिरा न होता डॉक्टरांनी कमाईची क्षमता 20 टक्के गेली असं लिहिलं, तरी पावणेतीन लाख होतात. ईएसआयचा, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेचा, विमा असेल तर त्या प्रमाणात आयुष्यभर दरमहा पैसे मिळतात. विम्याच्या दवाखान्यात आपले लोक तापाच्या गोळ्या आणायला आणि आजारपणाच्या रजेचा कागद घ्यायला जातात. कानाचा दावा तिथं करता येतो हे फौंड्रीच्या गेटवर किती जणांना ठाऊक आहे, विचारून बघा.

कुणी हिशेब मांडून म्हणेल की 2,500 रुपये वीस वर्षं मिळाले तर तेही सहा लाख झाले, मग एवढा अट्टहास कशाला? अट्टहास रकमेसाठी नाही. निराधारचे पैसे तिजोरीतून, म्हणजे तुमच्याआमच्या करातून जातात. त्यामुळं शेडमधला आवाज मालकाला फुकट पडतो. कामगाराचा कान गेला, खर्च सरकारचा, आणि माग तसाच खडखडत राहिला. पहिल्या दहा दाव्यांचे पैसे उद्योगाच्या खिशातून गेले, की कानात घालायचे प्लग, फेटलिंगवाल्याचे इअरमफ, पत्र्याखाली आवाज शोषणारं अस्तर, कामाच्या जागा बदलून देणं, वर्षातून एकदा कानाची तपासणी, हे सगळं एकदम परवडायला लागेल. आठ तासांसाठी 90 डेसिबल ही मर्यादा कारखान्यांच्या नियमांत आहेच. साध्या मागाच्या शेडमध्ये आवाज त्याच्या वर जातो आणि पाळी बारा तासांची असते.

मग लोक या दारानं जात का नाहीत? याचं उत्तर कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही, इचलकरंजीच्या गल्लीत सापडतं. तिथं मालक कोण हाच पहिला प्रश्न. सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, मध्ये खर्चीवाला. तो मजुरीवर माग चालवतो, बऱ्याचदा घरालगतच्या शेडमध्ये. कामगार आला नाही तर स्वतः धोटा बदलतो, कांड्या भरतो. त्याचा कानही कामगाराइतकाच गेलेला असतो, पण कागदावर तो मालक. त्याच्यावर दावा लावायचा म्हणजे एका बहिऱ्यानं दुसऱ्यावर लावायचा. वर कामाच्या जागेच्या सुरक्षेची जी दुसरी नवी संहिता आहे, तिच्यात विजेवर चालणारा कारखाना म्हणजे किमान 20 कामगार, ईएसआयला किमान 10. गल्लीतल्या शेडमध्ये हजेरीच्या वहीवर तेवढे कधीच नसतात.

दुसरी अडचण माणसाच्या स्वभावाची. हात तुटला की त्या दिवशी पंचनामा होतो. कान कुठल्या दिवशी गेला? कान गेला म्हणून कुणी सुट्टी घेत नाही, उलट गोंगाटाचा त्रास कमी झाला म्हणून जास्तच काम करतो. 1923 च्या कायद्यानं हेही ओळखलं होतं. आजारामुळं गैरहजर राहावं लागलं नाही, तर दाव्याची दोन वर्षं कामगारानं मालकाला नोटीस दिल्या दिवसापासून मोजायची, अशी तरतूद त्यात केली. कुठल्या कारकुनाला सुचलं कोण जाणे, पण सुचलं. फक्त मीटरवर मजुरी घेणारा माणूस चालू कामावर असताना मालकाला लेखी नोटीस देईल, ही कल्पना त्याला कचेरीत बसून आली असावी.

तिसरी अडचण सगळ्यात लहान आणि सगळ्यात सोडवता येण्यासारखी. कानाच्या ओपीडीतला केसपेपर काढून बघा. नाव, वय, गाव. तक्रार: दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, पाचेक वर्षांपासून. कानात आवाज होतो. कान फुटलेला नाही. खाली सल्ला: श्रवणयंत्र. व्यवसायाचा रकाना कोरा, किंवा ‘मजुरी’. डॉक्टरांना दोष देत नाही. बाहेर पन्नास माणसं उभी असतात, आणि प्रश्न विचारला तर पेशंट ‘आँ?’ करतो आणि उत्तर पोरगा देतो. पण ‘कुठं काम करता, किती वर्षं, तिथं बोलताना ओरडावं लागतं का’ हे तीन प्रश्न आणि त्यांची उत्तरं त्या कागदावर आली, तर तो कागद औषधाचा न राहता पुराव्याचा होतो. 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 89 नं असा आजार आढळला की डॉक्टरांनी कारखाना निरीक्षकांना कळवायचं बंधन घातलं होतं. हिवतापाचा पेशंट सापडला की आरोग्य खात्याचा माणूस घरी येतो, टाकीत डोकावतो. त्याच तत्परतेनं एखाद्या शेडमध्ये आवाज मोजणारा माणूस आलेला मी तरी पाहिलेला नाही.

मालकांची बाजूही ऐकली पाहिजे. ते विचारतील, गणपतीत महाद्वार रोडवर डॉल्बीच्या भिंतीपुढं पोरं नाचतात, त्यांचे कान आम्ही घालवले का? प्रश्न रास्त आहे. कोल्हापूरच्या मिरवणुकांनी किती कानांचं वाटोळं केलं याचा हिशेब स्वतंत्र मांडायला हवा. पण एक रात्र आणि बारा तासांची रोजची पाळी यांत फरक आहे, आणि तो फरक ओळखायला सोपा मार्ग मालकांच्याच हातात आहे. कामावर घेतानाच कानाची तपासणी करून ठेवा. आलेला कान कसा होता ते कागदावर असलं की नंतर वाद राहत नाही. तपासणी करायची नाही आणि दहा वर्षांनी ‘हा मुळातच बहिरा होता’ म्हणायचं, हे चालणार नाही.

खर्चीवाल्यांच्या बाबतीत मात्र मी दाव्याचा हट्ट धरणार नाही. चार-सहा माग असलेल्या माणसाकडून तेरा लाख वसूल करायला गेलं तर मागही जाईल आणि मजुरीही. तिथं रक्कम निधीतून यायला हवी. महाराष्ट्रानं 1969 मध्ये माथाडी कामगारांसाठी कायदा करून मंडळं उभी केली. हमालांचा मालकही रोज बदलत होता. म्हणून मजुरीबरोबर ठरावीक लेव्ही मंडळात भरायची आणि लाभ मंडळानं द्यायचे, असा तोडगा निघाला. यंत्रमाग कामगारांच्या कल्याणकारी मंडळाची मागणी इचलकरंजीत जुनीच आहे. ते मंडळ व्हावं, कापडाच्या व्यवहारावर, म्हणजे व्यापाऱ्याकडून त्याची लेव्ही घ्यावी, आणि लाभांच्या यादीत घर, शिष्यवृत्ती यांच्या आधी कान लिहावा. त्यात खर्चीवाला स्वतःही लाभार्थी असावा, कारण मागाचा आवाज मालक-कामगार बघून कमी-जास्त होत नाही.

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या मोठ्या कारखान्यांना मात्र ही सूट नको. तिथं हजेरी आहे, पगारपत्रक आहे, विमा आहे, युनियन आहेत. पगारवाढीच्या करारात युनियन कँटीनच्या चहापर्यंत सगळं लिहून घेतात. त्यात दरवर्षी कानाची तपासणी आणि अहवालाची प्रत कामगाराच्या हातात, ही एक ओळ घालायला काही लागत नाही. ठेकेदाराकडच्या पोरांनाही ती लागू करा, कारण फेटलिंगला हल्ली तेच असतात. भरपाईचे अर्ज कामगार न्यायालयात चालत आलेत, ते कोल्हापुरात आहे. अपील उच्च न्यायालयात, आणि त्याचं सर्किट बेंचही ऑगस्ट 2025 पासून इथंच आहे. मुंबईचं भाडं हे कारण उरलेलं नाही.

आणि जे आत्ता कामावर आहेत, ज्यांना घड्याळाची टिकटिक ऐकून बरेच दिवस झाले, त्यांनी एकेकट्यानं नोटीस देऊ नये. एकट्याला उद्यापासून येऊ नको म्हणतात. खात्यातल्या सगळ्यांनी मिळून तपासणी करून घ्यावी, आलेखांच्या झेरॉक्स युनियनच्या पत्राला जोडाव्यात, नोटीस स्पीड पोस्टानं पोचपावतीसह पाठवावी आणि ती पोचपावती पगाराच्या स्लिपांबरोबर घरात ठेवावी. निराधारचा अर्ज करायचाच असेल तर तोही जरूर करा, फक्त त्याआधी ही नोटीस गेलेली असू द्या.